रुकुपो, राहारुही

रुकुपो, राहारुही : (सु. १८०० – २९ सप्टेंबर १८७३). न्यूझीलंडमधील माओरी काष्ठशिल्पी आणि रोंगोफाकाता जमातीचा प्रमुख. एकोणिसाव्या शतकातील माओरी कोरीवकामाचा सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी म्हणून त्याची गणना होते. उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील तूरांगा प्रदेशात त्याने उभारलेले ‘ते हाऊ की तूरांगा’ (शब्दशः तूरांगाचा प्राणवायू) हे कोरीव सभागृह आज अस्तित्वात असलेल्या अशा सभागृहांपैकी सर्वांत जुन्यांत मोडते. ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने १८६७ मध्ये ते मालकांच्या संमतीवाचून उतरवून वेलिंग्टनच्या संग्रहालयात नेले. रुकुपोचे चरित्र या सभागृहाच्या इतिहासाशी इतके जखडलेले आहे, की एकाची हकीकत दुसऱ्यावाचून सांगता येत नाही.

त्याचा जन्म व बहुतेक सारे आयुष्य तूरांगाच्या सुपीक मैदानात गेले. याच किनाऱ्यावर ऑक्टोबर १७६९ मध्ये कप्तान जेम्स कुक न्यूझीलंडच्या भूमीवर प्रथम उतरला. त्याच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात काही माओरी ठार झाले आणि पाहिजे ती रसद न मिळाल्यामुळे त्याने या उपसागराला ‘पॉव्हर्टी बे’ म्हणजे दारिद्र्याचा उपसागर असे नाव दिले. देशातील उत्तम शेतजमिनींत मोडणाऱ्या या प्रदेशाला ते नाव मुळीच शोभणारे नव्हते, तरी नकाशावर मात्र तेच चिकटून राहिले. १८३१ मध्ये येथे पहिला गोरा व्यापारी स्थायिक झाला. त्यापाठोपाठ देवमाशांची शिकार करणारे दर्यावर्दी आणि जानेवारी १८४० मध्ये विल्यम विल्यम्स हा अँग्लिकन मिशनरी आला. तूरांगाच्या माओरींनी या नव्या संबंधांचा मोठ्या हुशारीने उपयोग करून घेतला. ते गहू व मका पिकवीत आणि धान्य गलबतांत भरून ऑकलंडच्या बाजारात पाठवीत. रुकुपोची उमेद अशा सुस्थितीतील, आत्मविश्वास असलेल्या समाजात घडली, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नाही तर त्याच्या कलेकडे अस्तास जाणाऱ्या संस्कृतीचा अखेरचा हुंकार म्हणून पाहिले जाते, आणि ते सर्वथा चूक आहे.

रुकुपो हा रोंगोफाकाता जमातीच्या न्गाती काइपोहो या कुळातील होता. राहारुही हे त्याचे बाप्तिस्म्याचे नाव असून ते बायबलमधील लॅझरस या नावाचे माओरी रूप होय. त्याचा वडील भाऊ तामाती वाका मांगेरे हा कुळाचा प्रमुख होता. त्याच्या मृत्यूनंतर नेतृत्व रुकुपोकडे आले. प्रमुख आणि कारागीर ही दोन्ही नाती एकाच व्यक्तीच्या ठायी असावीत, याचे भारतीय वाचकास काहीसे नवल वाटेल. कारण आपल्याकडे सुताराचे व मूर्तिकाराचे काम जातीने आणि श्रेणीने वेगळे काढले गेले. माओरी समाजात तसे नव्हते. कोरीवकाम जाणणाऱ्यास ‘तोहुंगा फाकाइरो’ म्हणत. तोहुंगा म्हणजे विशेष विद्या संपादन केलेला अधिकारी पुरुष. पुरोहित, वंशावळी सांगणारा आणि लाकूड कोरणारा हे तिघेही तोहुंगाच. पूर्वजांची आकृती लाकडात उतरविणाऱ्यास त्यांची कुळकथा मुखोद्‌गत असावी लागे आणि कुळकथेवर अधिकार सांगणे हेच तर प्रमुखाचे मुख्य काम होते. कोरण्याचे काम ‘तापू’ म्हणजे पवित्र व निषिद्ध मानले जाई. ते चालू असता जवळपास शिजलेले अन्न आणीत नसत आणि कामातून पडलेल्या ढलप्या चुलीत घालीत नसत.

त्याच्या हातच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक ‘ते तोकी आ तापिरी’ ही युद्धनौका (वाका) होय. सु. १८३६ मध्ये वाइरोआजवळ बांधलेली ही सु. २५ मी. लांबीची व शंभरेक योद्धे वाहून नेणारी नौका रोंगोफाकाताचा प्रमुख ते वाका पेरोहुका यास भेट म्हणून मिळाली. त्याने परतभेट म्हणून एक नामांकित झगा दिला. तिच्यावरील कोरीवकाम पेरोहुका, रुकुपो आणि तूरांगाच्या इतर कारागिरांनी केले. नौका १८५३ मध्ये उत्तरेकडील न्गापुही प्रमुखांना देण्यात आली आणि त्यांनी बदल्यात एक घोडा दिला. नौका, झगा, घोडा यांची ही देवघेव म्हणजे व्यापार नव्हे. वस्तूबरोबर मान फिरत असे आणि घेणाऱ्यावर परतफेडीचे ऋण राही. वसाहतीच्या अधिकाऱ्यांना ही रीत ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही, पण सोयीची नसेल तेव्हा ती त्यांनी मानली नाही. पुढे ही नौका मानुकाऊ बंदरातील न्गाती ते आता या जमातीकडे गेली आणि १८६३ मध्ये वाइकातोचे युद्ध सुरू होताच, त्या लोकांनी बंड केलेले नसतानाही, सरकारी सैन्याने ती जप्त केली. हल्ली ती ऑकलंडच्या संग्रहालयात आहे. रुकुपोची दोन प्रमुख कामे सरकारने चार वर्षांच्या अंतराने अशा रीतीने ताब्यात घेतली.

‘ते हाऊ की तूरांगा’ हे सभागृह त्याने मांगेरेच्या स्मरणार्थ उभारले. वाइपाओआ व ते आराई या नद्यांच्या संगमाजवळील ओराकाइआपू या तटबंद वस्तीत, आजच्या मानुतुके गावानजीक, १८४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे काम झाले. रुकुपोच्या हाताखाली सु. १८ कारागीर होते. माओरी सभागृह (फारे फाकाइरो) म्हणजे नुसती इमारत नव्हे, तर पूर्वजाचा देह अशी त्यामागील कल्पना आहे. छपराच्या समोरील टोकास असलेला मुखवटा (कोरुरु) हे त्याचे तोंड, तेथून दोहो बाजूंस उतरत गेलेल्या कोरीव फळ्या (माइही) हे पसरलेले बाहू, आढे (ताहुहु) हा पाठीचा कणा आणि वासे (हेके) या बरगड्या. आत पाऊल टाकणारा पूर्वजाच्या कुशीत शिरतो. बाजूच्या भिंतींत ओळीने उभ्या असलेल्या रुंद कोरीव फळ्यांवर (पोउपोउ) एकेका नामवंत पूर्वजाची आकृती असते. दोन फळ्यांमधील जागेत वेत व रानवेलींच्या तंतूंनी विणलेल्या जाळीदार चौकटी (तुकुतुकु) बसवितात आणि वाशांवर तांबड्या, काळ्या व पांढऱ्या रंगांत वळणदार नक्षी (कोफाइफाइ) रंगवितात. चौकटी विणण्याचे काम स्त्रियांकडे असे. पाहुण्यांचे स्वागत, जमातीचे वादविवाद, रात्रीचा मुक्काम आणि विशेषतः मृतासाठी शोक ही सर्व कार्ये या एकाच दालनात होतात. शोकाच्या प्रसंगी वक्ता भिंतीवरील पूर्वजांना उद्देशून थेट बोलतो. त्यामुळे एखाद्या सभागृहातून ही फळी काढून नेणे म्हणजे कुटुंबातील वडीलधाऱ्यास उचलून नेण्यासारखे आहे, हे समजणे कठीण जाऊ नये.

या सभागृहातील कोरीवकाम तोतारा जातीच्या टिकाऊ लाकडात केलेले आहे. पूर्वी माओरी कारागीर दगडी वाकस आणि हिरव्या कठीण जेड दगडाच्या पटाश्या वापरीत. कुकच्या गलबतांवरून आलेल्या खिळ्यांपासून लोखंडाचा प्रवेश झाला आणि रुकुपोच्या उमेदीच्या काळात पोलादी पटाश्या सहज मिळू लागल्या. युरोपीय हत्यारे आली, काम झटपट होऊ लागले आणि जुनी कला बिघडली, असे एक मत कलेतिहासात बराच काळ रूढ होते. ‘ते हाऊ की तूरांगा’ हे त्या मताला दिलेले सर्वांत ठाम उत्तर होय. येथे पोलादाचा उपयोग काम उरकण्यासाठी केलेला नाही, तर अधिक खोलवर जाण्यासाठी केलेला आहे. आकृत्या फळीच्या पृष्ठभागातून ठळकपणे उठून येतात. खांद्यांवर, मांड्यांवर व मुखावर समांतर रेघा आणि त्यांमधील दातेरी पट्ट्या इतक्या दाट व नियमित कोरलेल्या आहेत, की मोकळी जागा शोधावी लागते. मात्र या गर्दीत मूळ आकृती हरवत नाही. दुरून प्रथम दिसतो तो पूर्वजाचा आकार आणि जवळ गेल्यावर नक्षी. डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते, कारण ते देहाचा सर्वांत पवित्र भाग होय. जीभ आव्हान देण्यासाठी बाहेर काढलेली असते, हाताला बहुधा तीनच बोटे असतात आणि डोळ्यांत चकाकणाऱ्या पाउआ शिंपल्याचे तुकडे बसविलेले असतात. हे संकेत रुकुपोने मोडले नाहीत. त्याचा विशेष असा, की एका साच्यात राहूनही त्याच्या फळ्यांतील कोणत्याही दोन आकृत्या सारख्या नाहीत. अवयवांच्या फटींतून लहान दुय्यम आकृती डोकावतात. एकीची मान वळते, दुसरीचे हात पोटावर येतात, आणि रांगेने उभे असलेले पूर्वज जणू आपापसांत कुजबुजत असल्याचा भास होतो.

या रांगेत एक आकृती वेगळी आहे. ती खुद्द रुकुपोची. इतर आकृत्यांचे चेहरे सांकेतिक असताना हा चेहरा माणसाचा आहे आणि त्यावरील गोंदण (मोको) त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरील गोंदणाप्रमाणे कोरलेले आहे. हातात वाकस आहे. मोको हे माओरी पुरुषाच्या व्यक्तित्वाचे चिन्ह असे. जमिनीच्या कागदपत्रांवर सही म्हणून प्रमुख मंडळी आपल्या मोकोतील रेघा काढीत. तेव्हा ही आकृती म्हणजे एका अर्थी कलावंताची स्वाक्षरीच होय. तीवरून त्याने आपल्या कलेची प्रौढी मिरविली असे काहींना वाटेल. पण मृत भावाच्या स्मारकात जिवंत धाकट्या भावाने, त्याचा वारस म्हणून, हातात अवजार घेऊन उभे राहावे यात हे घर कोणाचे व ते राखण्याची जबाबदारी कोणाची हे सांगण्याचा हेतू अधिक दिसतो. पुढे घडलेल्या घटनांनी या आकृतीला एक वेगळाच अर्थ प्राप्त करून दिला.

मिशनऱ्यांशी त्याचे संबंध सरळ नव्हते. तो ख्रिस्ती झालेला होता आणि मानुतुके येथे नवे, मोठे चर्च बांधण्याचे काम सु. १८४९ मध्ये निघाले, तेव्हा त्याचे कोरीवकाम रुकुपो व त्याच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. त्यांनी नेहमीप्रमाणे मनुष्याकृती कोरल्या. विल्यम्स याने त्यांस हरकत घेतली. प्रार्थनामंदिरात अशा आकृती म्हणजे मूर्तिपूजा, असे त्याचे म्हणणे. कारागिरांनी काम थांबविले आणि ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. अखेर मनुष्याकृतीऐवजी मानाइआ या एका बाजूने दाखविलेल्या, पक्ष्यासारख्या तोंडाच्या आकृतीवर व वळणदार नक्षीवर आधारलेला आराखडा स्वीकारण्यात आला आणि १८६३ मध्ये चर्च खुले झाले. मिशनऱ्यास त्यात आक्षेपार्ह मनुष्य दिसला नाही. माओरी दृष्टीने मात्र मानाइआ ही काही केवळ वेलबुट्टी नव्हती. हा तोडगा रुकुपोच्या स्वभावाचा द्योतक म्हणता येईल. नव्या गोष्टी घेण्यास त्याची ना नव्हती, त्या कोणत्या अटींवर घ्यावयाच्या हे ठरविण्याचा हक्क मात्र तो सोडीत नसे.

जमिनीच्या बाबतीतही त्याचे धोरण हेच होते. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता व माओरी प्रमुख यांच्यात तह झाला आणि विल्यम्सने मे महिन्यात त्याची प्रत तूरांगाला सह्यांसाठी फिरविली. तहाच्या माओरी पाठानुसार जमिनी, वस्त्या व मौल्यवान ठेवी (ताओंगा) यांवरील प्रमुखांचा पूर्ण अधिकार कायम राहावयाचा होता. प्रत्यक्षात वसाहत वाढू लागली तसा जमिनीवरील दाब वाढला, १८५८ मध्ये देशातील गोऱ्यांची संख्या (सु. ५९,०००) माओरींपेक्षा (सु. ५६,०००) प्रथमच अधिक झाली. पाचव्या दशकानंतर तूरांगात जमीन न विकण्याची आणि पूर्वी विकलेली परत मिळविण्याची जी चळवळ झाली, तीत रुकुपो अग्रभागी होता. १८५५ मध्ये नेमलेल्या निवासी दंडाधिकाऱ्याला येथे कोणी विशेष जुमानले नाही आणि १८६० मध्ये ते पद रिकामे झाले. त्याच वर्षी गव्हर्नर गोअर ब्राउन तूरांगाला आला, तेव्हा राणीची सत्ता आपणांवर चालत नाही असे स्थानिक प्रमुखांनी त्याला तोंडावर ऐकविले.

हा स्वायत्त कारभार १८६५ मध्ये मोडला. त्या वर्षी मार्च महिन्यात पाइ मारिरे या नव्या माओरी धर्मपंथाचे दूत तूरांगात आले. रोंगोफाकातांपैकी काही पंथात गेले, काहींनी सरकारची बाजू घेतली आणि बरेच जण या दोहोंपासून दूर राहू पाहत होते. विल्यम्सने मिशन सोडले. नोव्हेंबरमध्ये सरकारी फौजा व त्यांच्या बाजूचे माओरी यांनी वाएरेंगा आ हिका येथील तटबंदीला वेढा घातला आणि सात दिवसांनंतर ती पडली. आतील सु. ७१ लोक मारले गेले आणि शेकडो शरण आले. त्यांतील बऱ्याच पुरुषांना कोणताही खटला न चालविता दूरच्या चॅटम बेटांवर हद्दपार केले गेले. पुढे बंडाचा नेता व धर्मसंस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेला ते कूती यालाही तेथेच हद्दपार केले गेले. उरलेल्यांच्या मानेवर जमीन जप्त होण्याची टांगती तलवार होती.

अशा परिस्थितीत १८६७ मध्ये जेम्स क्रो रिचमंड तूरांगाला आला. माओरी खात्याचा कारभार त्याच्याकडे होता आणि वेलिंग्टनमध्ये १८६५ साली स्थापन झालेल्या वसाहत संग्रहालयाचे कामही तो तात्पुरते पाहत होता. तो स्वतः जलरंगांत निसर्गचित्रे काढणारा हौशी व चांगला चित्रकार होता. सभागृहाचे मोल त्याला कळले नसते तर बरे झाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. त्याने रुकुपोकडे ते मागितले. रुकुपोने नकार दिला आणि हा विचार एकट्याने करण्याचा नसून सर्व लोकांनी करावयाचा आहे असे सांगितले. सर्व लोक त्या वेळी गावात असणे शक्यच नव्हते. कित्येक तर सरकारनेच हद्दपार केले होते. त्यानंतर मेजर रेजिनल्ड बिग्ज या स्थानिक अधिकाऱ्यामार्फत काही जणांना १०० पौंड देण्यात आले आणि ‘स्टर्ट’ या सरकारी आगबोटीचा कप्तान फेअरचाइल्ड याच्या देखरेखीखाली कोरीव फळ्या, खांब व इतर भाग उतरवून वेलिंग्टनला रवाना करण्यात आले. लोकांचा विरोध होता, हे फेअरचाइल्डने पुढे १८७८ मध्ये विधिमंडळाच्या चौकशी समितीसमोर मान्य केले.

रुकुपोने त्याच वर्षी काही सहकाऱ्यांसह विधिमंडळाकडे अर्ज केला. आपले घर आपल्या संमतीवाचून नेले गेले, ही त्याची तक्रार होती. सरकारच्या बाजूने जी उत्तरे दिली गेली ती पाहण्याजोगी आहेत. एक असे, की मालक बंडखोर असल्याने घर सरकारजमा झाले होते. दुसरे, ते पैसे देऊन विकत घेतले. आणि तिसरे, ते दुर्लक्षित होऊन कुजत चालले होते. पहिली दोन उत्तरे एकमेकांना छेद देतात. घर सरकारचेच झाले असेल तर १०० पौंड कशाचे, आणि विकत घेतले असेल तर ज्याने ते बांधले व जो कुळाचा प्रमुख होता त्याचा नकार कोठे गेला? शिवाय १८६७ मध्ये तूरांगा प्रदेश जप्त केल्याची कोणतीही घोषणा झालेली नव्हती. तिसऱ्या उत्तरात काही तथ्य असेलही. दोनच वर्षांपूर्वी युद्ध झालेल्या आणि धडधाकट पुरुष गमावलेल्या गावात छपरे गळणे स्वाभाविक होते. मृताच्या स्मरणार्थ उभारलेले काम काळाच्या स्वाधीन होऊ देणे हेदेखील माओरी रीतीला सोडून नाही. संग्रहालयात नेल्यामुळेच हे काम वाचले, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. घर वाचले हे खरे, पण ते कुजत होते म्हणून ते कोणाचे हा प्रश्न बदलत नाही, आणि रुकुपोच्या अर्जात प्रश्न एवढाच होता. त्याला घर परत मिळाले नाही.

जुलै १८६८ मध्ये ते कूती आपल्या अनुयायांसह चॅटम बेटांवरून निसटला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याने तूरांगातील माटाफेरो येथे केलेल्या हल्ल्यात बिग्ज व अनेक गोरे आणि माओरी ठार झाले. त्या भीतीच्या छायेत डिसेंबर १८६८ मध्ये तूरांगाच्या प्रमुखांकडून दहा लाख एकरांहून अधिक जमीन सरकारच्या स्वाधीन करणारा दस्तऐवज करून घेण्यात आला. तीपैकी बरीचशी नंतर परत दिली गेली, पण व्यक्तिगत हक्कांच्या नव्या रूपात; त्यामुळे कुळाची सामाईक मालकी मोडून जमीन विक्रीस मोकळी झाली. रुकुपोने आयुष्यभर जे टाळण्याचा प्रयत्न केला तेच अखेर घडले. तो १८७३ मध्ये मानुतुके येथे मरण पावला. रोंगोफाकाताच्या लोकांनी १८७८ मध्ये पुन्हा अर्ज केला. समितीने आणखी काही रक्कम द्यावी अशी शिफारस केली, घर परत करण्याची नव्हे. कोरण्याची परंपरा मात्र तूरांगात खंडित झाली नाही. मानुतुके येथील ‘ते माना ओ तूरांगा’ हे कोरीव सभागृह १८८३ मध्ये खुले झाले.

वेलिंग्टनमध्ये रुकुपोच्या फळ्या संग्रहालयाच्या जागेत बसतील अशा बेताने पुन्हा उभ्या करण्यात आल्या. मूळ मांडणी व प्रमाणे बदलली, काही भाग कापले गेले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, १९३६ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संग्रहालय-इमारतीसाठी तिचा जीर्णोद्धार झाला. त्या वेळी नवे वासे व नव्या विणलेल्या चौकटी घालण्यात आल्या आणि कोरीवकामाची दुरुस्ती टॉमस हेबर्ली या माओरी कारागिराने केली. आज प्रेक्षक जे पाहतो त्यातील कोरीव आकृती प्रामुख्याने रुकुपोच्या काळातील आहेत. बाकीची वास्तू बऱ्याच अंशी संग्रहालयाची निर्मिती आहे.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. माओरी राजकारणी व विद्वान सर आपिराना न्गाता याने कोरीवकामाच्या पुनरुज्जीवनासाठी १९२७ मध्ये रोटोरुआ येथे माओरी कलाविद्यालय सुरू केले. त्याच्या दृष्टीने ‘ते हाऊ की तूरांगा’ हा या कलेचा परमोत्कर्ष होता, आणि नव्या सभागृहांसाठी त्याने तोच नमुना म्हणून पुढे ठेवला. पूर्व किनाऱ्यावर आणि अन्यत्र त्या पिढीत उभारलेल्या कित्येक सभागृहांत, तसेच वाइतांगी येथे १९४० मध्ये खुल्या झालेल्या सभागृहात, या घराण्याची छाप दिसते. म्हणजे जे घर आपल्या लोकांपासून हिरावून घेतले गेले, तेच साऱ्या माओरी समाजाची पाठशाळा ठरले. मात्र रुकुपोच्या स्वतःच्या वंशजांना ते पाहण्यासाठी राजधानीची वारी करावी लागे. शिवाय संग्रहालयात बदललेल्या प्रमाणांचीही त्या नमुन्यातून अनवधानाने नक्कल झाली असावी.

वाइतांगीच्या तहाच्या भंगाच्या तक्रारी तपासण्यासाठी १९७५ मध्ये न्यायाधिकरण स्थापन झाले. तूरांगा प्रदेशासंबंधीच्या आपल्या २००४ मधील अहवालात त्याने सभागृह नेण्याची कृती तहाचा भंग करणारी ठरविली. सरकार व रोंगोफाकाता यांच्यात सप्टेंबर २०११ मध्ये समझोता झाला आणि २०१२ च्या कायद्याने तो अंमलात आला. त्यात सरकारने क्षमायाचना केली. ‘ते हाऊ की तूरांगा’ची मालकी रोंगोफाकाताकडे सोपविण्यात आली आणि ते तूरांगाला परत नेण्याचा मार्ग मोकळा झाला. घर त्या वेळी वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ या १९९८ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. दर्शनी भागात नव्याने कागदोपत्री मालक म्हणून नोंदली गेलेली जमात आणि आत, फळीवर, हातात वाकस घेतलेला रुकुपो, अशी त्याची तेव्हाची स्थिती होती. एवढे मोठे, जुने व अनेकदा कापलेले लाकूडकाम सुरक्षितपणे उतरविणे, त्याची मूळ प्रमाणे ठरविणे आणि त्यासाठी मानुतुकेजवळ योग्य वास्तू उभारणे, हे प्रश्न त्यानंतर रोंगोफाकाताच्या लोकांनी स्वतः हाती घेतले.